वर्गातलं भाषण: तयारी, पाठांतर आणि ऐन वेळची घाबरगुंडी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकणातल्या शाळांत भाषणांचा हंगाम पावसाबरोबरच सुरू होतो. २३ जुलैला टिळक जयंती, १ ऑगस्टला पुण्यतिथी, मग १५ ऑगस्ट, मग शिक्षक दिन. मधल्या काळात मराठीच्या तासाला तोंडी परीक्षेचं भाषण असतंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं आणि त्यांचे पालक दरवर्षी जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. मुलांच्या प्रश्नांना मुलांशी बोलावं तसं उत्तर दिलं आहे, पालकांच्या प्रश्नांना पालकांशी.

बाई, भाषण शब्दन् शब्द पाठ करायचं का?

नाही. जत्रेत तू दशावतार पाहिला असशील. रात्रभर राजे, राक्षस, नारद एकमेकांशी तावातावाने बोलतात. पण त्या नटांच्या हातात लिहिलेली संहिता कधी नसते. नाटक सुरू होण्याआधी आज कुठलं आख्यान लावायचं, कोण कुठली भूमिका घेणार आणि कुठल्या प्रवेशानंतर कुठला प्रवेश येणार एवढं ठरतं. संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर तयार होतात. समोरच्याने एखादं वाक्य वेगळं टाकलं तरी नट अडत नाही, कारण आपण या प्रवेशात कशासाठी आलो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तुझ्या भाषणालाही हेच लागू आहे. शब्दन् शब्द पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की त्याच्या मागचं सगळं अडकून बसतं. मग मूल छताकडे बघतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं आणि त्याच जागी पुन्हा अडतं. क्रम पाठ असेल तर एखादं वाक्य गेलं तरी पुढचा मुद्दा सापडतो.

तरी काही गोष्टी अक्षरशः पाठ हव्यातच: पहिली दोन वाक्यं, शेवटचं वाक्य, दुसऱ्या कुणाचं वचन सांगणार असशील तर ते, आणि नावं-सालं. टिळकांच्या तोंडी आपण आपले शब्द घालू शकत नाही.

आणि एक. दशावतारी नट ऐन वेळी बोलतात म्हणजे ते तयारीशिवाय उभे राहतात असं समजू नकोस. पुराणातल्या कथा त्यांच्या अंगात मुरलेल्या असतात. ‘तेव्हा सुचेल’ म्हणणाऱ्या मुलाला तेव्हा काही सुचत नाही.

आधी लिहायचं की आधी बोलायचं?

आधी बोल. विषय मिळाला, थोडं वाचलंस, की वही मिटून घरात कुणाला तरी दोन मिनिटं सांगून बघ. आजी तांदूळ निवडत बसली असेल तर तिला सांग. तिने मध्येच ‘म्हणजे काय?’ विचारलं तर ती जागा कच्ची आहे. तिला जे न अडखळता सांगितलंस तेच तुझं भाषण. आता ते लिहून काढ.

उलट केलंस, म्हणजे आधी लिहायला बसलास, की वाक्यं निबंधासारखी होतात. ‘ज्यांची ख्याती भारतीय असंतोषाचे जनक म्हणून सर्वदूर पसरलेली आहे अशा थोर देशभक्ताचा जन्म रत्नागिरी येथे झाला’ हे वाक्य कागदावर शोभतं, पण तोंडातून येताना मध्येच श्वास संपतो. त्यापेक्षा: ‘टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. २३ जुलै १८५६. ते घर आजही टिळक आळीत उभं आहे.’ तीन छोटी वाक्यं. पाठ करावी लागत नाहीत, लक्षात राहतात.

तीन मिनिटांच्या भाषणात किती शब्द बसतात?

न धावता बोलणारं मूल मिनिटाला साधारण १०० शब्द बोलतं. कुणी ८०, कुणी १२५. म्हणजे तीन मिनिटांना ३०० च्या आसपास, वहीचं जेमतेम दीड-दोन पान. मोबाईलवर वेळ लावून स्वतःचा वेग मोजून घे. घरी तीन मिनिटं लागलेलं भाषण वर्गात अडीच मिनिटांत संपतं, कारण घाबरल्यावर सगळेच पळत सुटतात. ते चालतं. चार मिनिटांचं भाषण कोंबून तीनमध्ये बसवलेलं मात्र चालत नाही.

सुरुवात कशी करावी? सगळे ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणतात.

वर्गात व्यासपीठ नसतं. फळा असतो, टेबल असतं आणि खिडकीपाशी सुकायला ठेवलेल्या छत्र्या असतात. ‘नमस्कार बाई, नमस्कार मित्रमैत्रिणींनो’ पुरे. शाळेच्या मोठ्या कार्यक्रमात अध्यक्ष, पाहुणे असतील तर त्यांचा मानाने उल्लेख जरूर करावा, पण त्यात भाषणाचा पाव भाग घालवू नये.

त्यानंतरचं पहिलं वाक्य मात्र मेहनत घेऊन शोध. समजा महर्षी कर्व्यांवर बोलायचं आहे. ‘त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला’ अशी सुरुवात केलीस तर मागच्या बाकांवरच्या मुलांच्या गप्पा चालूच राहतील. त्याऐवजी असं सांग: ‘दापोलीजवळच्या मुरुडचा एक मुलगा परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेला. घाट चढून. तिथे त्याला सांगितलं, तू लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही.’ आता सगळा वर्ग तुझ्याकडे बघतो आहे, कारण मुरुड त्यांनी पाहिलेलं आहे आणि सातारा किती लांब आहे तेही त्यांना माहीत आहे. जन्मतारीख नंतर सांग. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं तेव्हा ते शंभरीत होते, हे शेवटी आलं की पहिल्या वाक्यातला मुलगा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहतो.

टिळकांवर बोलणाऱ्यांना एक विनंती. शेंगांच्या टरफलांची गोष्ट वर्गातल्या निम्म्या मुलांनी आधीच सांगितलेली असते. मंडालेच्या तुरुंगात बसून एक माणूस पेन्सिलीने जाडजूड ग्रंथ लिहितो, हे चित्र कुणी मांडत नाही. ते मांडा.

मुद्दे किती घ्यायचे?

तीन. फार तर चार.

उदाहरण घेऊ. २६ जुलै हा कांदळवनांचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे, युनेस्कोने तो २०१५ साली जाहीर केला. खाडीकाठच्या शाळेला यापेक्षा हाताशी विषय कुठला मिळणार? पण ‘कांदळवने’ म्हणून शोधायला बसलास तर जगभरच्या प्रजाती, क्षेत्रफळ, कायदे असं पंचवीस मुद्द्यांचं गाठोडं हाती येईल. त्यातून तीन प्रश्न उचल: खाऱ्या चिखलात हे झाड जगतं कसं? त्याच्या मुळांत कोण राहतं? तोडलं तर काय होतं? पहिल्यात तिवराची चिखलातून वर आलेली, हवा घेणारी मुळं. दुसऱ्यात कोळंबी, चिंबोरी आणि माशांची पिल्लं, जी तिथे आसरा घेऊन मोठी होतात. तिसऱ्यात काठाची माती आणि वादळातल्या लाटा. झालं भाषण. बाकीचे बावीस मुद्दे पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाला ठेव.

इंटरनेटवर मिळालेली माहिती खरी आहे हे कसं कळणार?

दोन-तीन ठिकाणी ताडून बघून. आणि गावात सगळे सांगतात म्हणून खरं धरू नये, हे कोकणातल्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. तिथूनच १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियम वायू शोधला, असं भाषणांतून ऐकू येतं. गाव आपलं, किल्ला आपला, त्यामुळे टाळ्याही पडतात. नोंदी वेगळं सांगतात. त्या दिवशी ग्रहण बघायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन भारतात होता, पण गुंटूरला. लॉकियर इंग्लंडमध्येच होता. त्याने ऑक्टोबर १८६८ मध्ये तिथून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्झी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत.

मग विजयदुर्गावर बोलायचंच नाही का? बोल की. ‘आमच्याकडे असं सांगतात’ म्हणून गोष्ट सांग आणि मग ‘पण नोंदी काय म्हणतात बघा’ म्हणून पुढचं. नुसत्या अभिमानाच्या भाषणापेक्षा हे ऐकायला जास्त मजा येते.

मोबाईलवरून तयार भाषण उतरवलं तर?

वाच, पण उतरवू नकोस. एक तर तेच भाषण आणखी तिघांनी उतरवलेलं असतं आणि बाईंना ते पहिल्या ओळीत कळतं. दुसरं म्हणजे दुसऱ्याची वाक्यं पाठ व्हायला दुप्पट वेळ लागतो.

मग पाठ करायचं तरी कसं? मी वीस वेळा वाचतो, रात्री येतं, सकाळी जातं.

वीस वेळा वाचतोस, तिथेच गडबड आहे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतंय असा भास होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिलं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझं ‘रात्री येतं, सकाळी जातं’ ते हेच.

म्हणून वही मिटायची आणि बोलायचं. अडलास तर लगेच वही उघडू नकोस. जरा थांब, डोकं खाजव, आठवायचा प्रयत्न कर. नाहीच आलं तर बघ, वही मिट, त्या मुद्द्याच्या सुरुवातीपासून पुन्हा बोल. आठवताना जो त्रास होतो त्यानेच भाषण पक्कं होतं. आणि मोठ्याने बोल. मनातल्या मनात म्हटलेलं भाषण तोंडात बसत नाही. जीभ कुठे अडखळते ते मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. एका संध्याकाळी दोन तास बसण्यापेक्षा चार-पाच दिवस रोज पंधरा मिनिटं दे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. पहिल्या काही तासांतच पुष्कळ गळून जातं. पण थोडं विसरल्यावर पुन्हा आठवलं की ते आधीपेक्षा जास्त टिकतं. एकाच दिवशी घोकलं तर विसरायला वेळच मिळत नाही, आणि मग पुन्हा आठवण्याचा फायदाही नाही.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. सुरुवात आणि शेवट आपोआप लक्षात राहतात, जातो तो मधला भाग. तरीही प्रत्येक मूल दर वेळी पहिल्या ओळीपासून सराव करतं. म्हणजे जे येतं त्याचा सराव सर्वांत जास्त आणि जे जातं त्याचा सर्वांत कमी. एक दिवस थेट दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू कर. एक दिवस शेवटचा मुद्दा आधी. एसटीत बसून शाळेला जात असशील तर घरून थांब्यापर्यंत पहिला मुद्दा, गाडीत दुसरा (हळू आवाजात, नाहीतर कंडक्टर विचारेल काय झालं), उतरल्यावर तिसरा.

सालं आणि तारखा डोक्यात राहत नाहीत.

त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. रोमन वक्ता सिसेरो हिचं श्रेय सिमोनिडीस या ग्रीक कवीला देतो. ओळखीची जागा घ्यायची, तिथून मनात चालत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी एकेक गोष्ट ठेवायची. रोमन लोक मोठमोठे वाडे घेत. तू आपलं घर घे, शहरातल्या दोन खोल्यांपेक्षा कोकणातलं घर यासाठी फारच सोयीचं आहे.

टिळकांचं भाषण ठेवून बघू. खळ्यात पाळणा टांगलेला आहे: जन्म, १८५६, रत्नागिरी. पडवीत बाकं मांडून पोरं बसली आहेत: पुण्याची न्यू इंग्लिश स्कूल, १८८०. ओटीवर आजोबा झोपाळ्यावर पेपर वाचतायत: केसरी, १८८१. माजघरात मखर आणि वाडीतले सगळे आरतीला जमलेत: सार्वजनिक गणेशोत्सव. कोठीच्या खोलीला बाहेरून कडी, आत अंधार: मंडाले, १९०८ ते १९१४. मागील दारी विहिरीवर रहाट थांबलेला: १ ऑगस्ट १९२०. भाषण करताना खळ्यातून निघायचं आणि विहिरीपर्यंत जायचं. माजघर चुकवून कोठीत कुणी जात नाही, त्यामुळे क्रम चुकत नाही.

चित्र जितकं विचित्र तितकं ते टिकतं. आजोबांच्या हातातल्या पेपरला केशराचा वास येतोय असं धरलंस तर ‘केसरी’ हे नाव आयुष्यात जाणार नाही. आकड्यांसाठी मात्र थोडं घोकावंच लागतं. १८५६, १८८०, १८८१, १९०८, १९१४, १९२० एवढे सहा आकडे शेजारी लिहून रोज एकदा न बघता लिहून काढ.

आम्ही घरी मालवणी बोलतो. भाषणात मध्येच ‘माका’, ‘तुका’ येतं आणि सगळे हसतात.

सराव मालवणीतच सुरू कर. आवशीक (आईला) सांग, मित्रांना सांग, सगळं भाषण एकदा मालवणीत होऊ दे. मुद्दे एकदा आपल्या बोलीत बसले की प्रमाण मराठीत आणणं हे फक्त वाक्यांचं काम राहतं. दोन्ही कामं एकदम करायला गेलास की मुद्दाही जातो आणि वाक्यही. रत्नागिरीच्या बाजूला संगमेश्वरी किंवा बाणकोटी बोलणाऱ्यांनीही असंच करावं. रायगडकडच्या आगरी घरांतल्या मुलांच्या बोलण्यात ‘ण’चा ‘न’ होतो, त्यांनी आपल्या भाषणातले तेवढे शब्द वेगळे काढून म्हणून बघावेत.

आणि एखादं वाक्य मुद्दाम मालवणीत ठेवलंस तर? मासे विकणाऱ्या बाईचं बोलणं, आजोबांचं म्हणणं? ठेव. ठरवून आणलेल्या वाक्यावर लोक हसतात तेव्हा ते तुझ्या बाजूने हसतात. शिक्षकांनीही बोलीसाठी गुण कापू नयेत असं माझं मत आहे.

पाऊस कोसळत असतो, कौलांवर, पत्र्यावर. कुणाला ऐकूच येत नाही.

जुलैतलं भाषण म्हणजे हे होणारच. ओरडून उपयोग नाही, ओरडलं की आवाज फाटतो आणि शब्द आणखी कळेनासे होतात. वेग कमी कर, शब्दाचं शेवटचं अक्षर नीट उच्चार, आणि तोंड शेवटच्या बाकाकडे ठेव. मोठी सर आली तर सरळ थांब. वाक्य पूर्ण कर, हसून खिडकीकडे बघ, सर ओसरली की पुढे. सगळ्या वर्गाला कारण दिसतंय, त्यामुळे थांबलास म्हणून तुला कुणी विसरभोळा म्हणणार नाही. उलट पुढचा मुद्दा आठवायला फुकटचा वेळ मिळतो.

उभं राहिलं की पाय लटपटतात, तोंडाला कोरड पडते.

शरीर स्वतःला तयार करतं त्याची ही खूण आहे. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, तोंड सुकतं. चांगल्या वक्त्यांनाही हे होतं. उठण्याआधी चार-पाच वेळा श्वास सावकाश सोड. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव. पाण्याचा एक घोट घे. पुढे जाऊन उभा राहिल्यावर लगेच बोलायला लागू नकोस. दोन्ही पाय टेकव, ओळखीचा एक चेहरा शोध, मग पहिलं वाक्य. ते पाठ असतंच, म्हणून तेवढ्यात धडधड थोडी उतरते.

मध्येच विसरलो तर?

‘सॉरी’ म्हणू नकोस. जीभ चावू नकोस. शेवटचं वाक्य पुन्हा एकदा, थोडं सावकाश म्हण, ऐकणाऱ्यांना वाटतं जोर देण्यासाठी म्हटलं. तेवढ्यातही नाही आठवलं तर तो मुद्दा सोड आणि पुढच्या खोलीत जा. तुझ्या कागदावर काय होतं हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. पुढे बोलता बोलता सुटलेलं आठवलं तर ‘एक सांगायचं राहिलं’ म्हणून सांगता येतं.

हातात कागद चालतो का?

शाळेच्या नियमावर आहे, आधी विचारून घे. चालत असेल तर पूर्ण भाषण नेऊ नकोस. तळहाताएवढा पुठ्ठा, त्यावर मुद्द्यांचे तीन शब्द आणि सालं, मोठ्या अक्षरात.

हातांचं काय करायचं?

सैल सोड. बाकी काही नाही.

आमचं मूल दुसरीत आहे. त्याला लिहून देऊ का?

आठ-दहा छोटी वाक्यं द्यायला हरकत नाही, पण ती त्याच्या तोंडची हवीत. आधी त्याला त्या विषयावर बोलतं करा, ते जे बोलेल तेच लिहून काढा. ‘त्यांच्या कार्याला माझे कोटी कोटी प्रणाम’ हे सात वर्षांच्या मुलाचं वाक्य नव्हे. सरावाच्या वेळी प्रत्येक चुकीला टोकू नका, सगळं बोलून होऊ द्या आणि मग एकच गोष्ट सांगा. शब्द मात्र पहिल्याच दिवशी नीट ऐकवा. लहानपणी ऐकून चुकीचे पाठ झालेले आरतीतले शब्द किती मोठी माणसं आयुष्यभर तसेच म्हणतात, ते चतुर्थीच्या दिवशी कुठल्याही घरात ऐका.

हिंदी किंवा इंग्रजीतलं भाषणही याच पद्धतीने?

पूर्ण नाही. जी भाषा आपण रोज बोलत नाही तिच्यात ऐन वेळी वाक्य बनवणं अवघड जातं, म्हणून तिथे जास्त भाग शब्दशः पाठ करावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे भाषणच लहान करायचं. तीन मिनिटांच्या ऐवजी दोन, आणि अर्थ माहीत नसलेला एकही शब्द ठेवायचा नाही.

शेवट ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ असाच करायचा का?

तीनशे शब्द बोलून झाल्यावर दोन शब्द कुठले? शेवटचं वाक्य विषयाचंच असू दे आणि ते संपलं की ‘धन्यवाद’. कार्यक्रम १५ ऑगस्टचा असेल तर ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ आलंच पाहिजे, ते कुणी सोडू नये.

आदल्या रात्री किती वेळ बसू?

जेवणाआधी एकदा पूर्ण भाषण उभं राहून, न बघता. चुकलेल्या जागा एकदा बघ आणि झोप. झोपेत दिवसभराचं शिकलेलं मेंदूत पक्कं होतं, जागरण केलंस तर तेच निसटतं. सकाळी दप्तर भरताना फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य म्हण. पुठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, रेनकोटच्या खिशात ठेवलास तर शाळेत पोचेपर्यंत शाई पसरलेली असेल.